खाणीतून निवृत्त झालेल्या वडिलांचा एक्स-रे : टीबी की धूळ? (मदत हवी)

खाणपोर | १२ फेब्रुवारी २०२३

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबेल, सांभाळून घ्या.

बाबा चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका भूमिगत कोळसा खाणीत होते. १९८३ ला लागले, २०१४ ला निवृत्त झाले. त्यातली पहिली सोळा वर्षं ड्रिलिंगवर. तेही कोळशात कमी, दगडात जास्त. कोळशाच्या एका थरातून दुसऱ्यापर्यंत पोचायला मधल्या खडकातून बोगदा काढतात, त्याला तिथे स्टोन ड्रिफ्ट म्हणतात. बाबा त्या टोळीत. ड्रिलला पाण्याची लाइन होती, पण प्रेशर नसायचं. पाणी लावलं तर चिखल अंगावर यायचा आणि काम मागे पडायचं. म्हणून कोरडंच मारायचे.

कोळशावरचे लोक काळे होऊन वर यायचे. बाबांची टोळी मात्र पांढुरकी, पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी. लहानपणी मला वाटायचं, आपल्या बाबांचं काम त्यातल्या त्यात स्वच्छ आहे.

डब्यात गुळाचा खडा रोज असायचा. गूळ खाल्ला की धूळ खाली उतरते, छातीत बसत नाही, हे खाणीतलं शास्त्र. आई एकवेळ भाजी विसरेल, गूळ नाही.

निवृत्तीनंतर दोन वर्षांत खोकला आणि दम सुरू झाला. २०१६ ला एक्स-रे बघून टीबीचं औषध सुरू केलं, सहा महिने. २०२० ला पुन्हा तेच, पुन्हा सहा महिने. दोन्ही वेळा थुंकीत जंतू सापडले नव्हते, हे मला परवा जुने कागद चाळताना कळलं. आता नागपूरच्या एका छातीच्या डॉक्टरांनी स्कॅन करून सांगितलं की हा टीबी नाही, न्यूमोकोनिओसिस आहे, धुळीचा आजार. बाबा आता संडासापर्यंत जाऊन आले की दहा मिनिटं पलंगावर बसून राहतात.

नोकरीत दर पाच वर्षांनी तपासणी व्हायची. प्रत्येक वेळी शेरा एकच, 'फिट'. मग हे आलं कुठून? आणि निवृत्तीला नऊ वर्षं झाल्यावर काही करता येतं का? बाबांचं म्हणणं, 'आता काय करायचं, सोड.' मला सोडवत नाहीये.

वणीकर | १२ फेब्रुवारी, रात्री

भाऊ, तुमचं वाचलं अन् माह्या बापाची याद आली. तो बी ड्रिलवरच होता. डॉक्टर म्हने दमा हाय. पंप दिला, गोळ्या दिल्या, पाच वर्षं तेच. २०११ मधी गेला. तोवर ह्या आजाराचं नावच आमी आयकलं नोतं. मर्तिकाच्या दाखल्यावर बी काय लिवलं, हृदयविकार.

गुळाचं खरं हाय. आमी पोट्टे डब्यातला उरलेला गूळ खाऊन टाकाचो. त्याले कोळशाचा वास याचा.

छातीचा_वैद्य | १३ फेब्रुवारी

मी छातीरोगतज्ज्ञ आहे, विदर्भातच. तपासल्याशिवाय निदान करत नाही, पण तुम्ही सांगितलेली कामाची हकीकत फार महत्त्वाची आहे. तुमच्या वडिलांच्या दोन्ही डॉक्टरांनी ती विचारलीच नसणार. आपल्याकडे एक्स-रेवर वरच्या भागात डाग दिसले की पहिला शब्द टीबी. तो बहुतेक वेळा बरोबरही ठरतो, म्हणून सवय लागते. पण 'काय काम करत होतात?' एवढा एक प्रश्न विचारला असता तर वर्षभराची औषधं वाचली असती.

शुद्ध कोळशाच्या धुळीने होणारा आजार आणि दगडातल्या सिलिकाने होणारा सिलिकोसिस हे सख्खे भाऊ, पण सिलिका जास्त वाईट. दगडात कोरडं ड्रिल मारणं हा ती फुप्फुसात भरण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग. जी धूळ अंगावर दिसते ती बरीचशी नाकात-घशातच अडकते. पाच मायक्रॉनच्या खालची, डोळ्यांना न दिसणारी, आत शेवटपर्यंत जाते. तिथल्या पेशी ती गिळतात, पचवू शकत नाहीत आणि मरतात. त्या जागी गाठी धरतात. धूळ बंद झाली तरी हे थांबत नाही, म्हणून निवृत्तीनंतर दम वाढणं यात नवल नाही. झालेली इजा भरून काढणारं औषध नाही.

पण 'टीबी नाही' म्हणून निर्धास्तही राहू नका. सिलिका साचलेल्या फुप्फुसाला खरा टीबी होण्याचा धोका कितीतरी जास्त असतो. थुंकीची जनुकीय चाचणी करून घ्या. फुंकणीची चाचणी (यंत्रात फुंकून फुप्फुसाची ताकद मोजतात ती), फ्लू आणि न्यूमोनियाची लस, घरी ऑक्सिजनचं प्रमाण मोजणं, फिजिओथेरपिस्टकडून श्वासाचे व्यायाम, हे सगळं करण्यासारखं आहे.

गुळाबद्दल : लखनौच्या औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्रात उंदरांवर प्रयोग झाला होता, १९९४ मध्ये तो छापूनही आला. गूळ दिलेल्या उंदरांच्या फुप्फुसांतून धुळीचे कण जास्त बाहेर पडले. म्हणजे आईंच्या शास्त्राला अगदीच आधार नाही असं नाही. पण उंदरांवरून माणसांसाठी निष्कर्ष काढू नये, आणि गूळ दिला म्हणून पाण्याची लाइन बंद ठेवायची, हे तर मुळीच नाही.

तिरकस | १३ फेब्रुवारी

वाईट वाटलं, पण दुसरी बाजूही बघा. राष्ट्रीयीकरणानंतर खाण कामगाराला पगार, क्वार्टर, दवाखाना, पेन्शन सगळं मिळालं. आमच्या गावातल्या शेतकऱ्याला यातलं काय मिळतं? आणि बाबा बिडी ओढायचे का? बरेच जण ओढतात आणि मग खापर खाणीवर फोडतात.

खाणपोर | १३ फेब्रुवारी

@तिरकस, बिडी नाही. खाणीच्या तोंडाशी झडती होते. बिडी-माचिस आत नेता येत नाही, गॅसचा प्रश्न. खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) मात्र खायचे, सगळेच खातात. त्याने तोंडाचं काय होईल ते होईल, फुप्फुसात दगड कसा जाईल?

पगार मिळाला हे खरं. त्याच पगारावर मी इंजिनिअर झालो. म्हणून तर सोडवत नाहीये.

छातीचा_वैद्य | १३ फेब्रुवारी

बिडीने दमा वाढतो, फुप्फुसं फुगतात. पण एक्स-रेवर दोन्ही बाजूंना वरच्या भागात बारीक गोल ठिपके येत नाहीत. त्या ठिपक्यांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची ठरलेली वाचनपद्धत आहे, नमुन्याच्या फिल्म शेजारी ठेवून तुलना करायची. ठिपक्यांची दाटी ०/- पासून ३/+ पर्यंत बारा पायऱ्यांत मोजतात. दीड मिलिमीटरपर्यंतचा ठिपका 'पी', तीनपर्यंत 'क्यू', दहापर्यंत 'आर', त्यापुढे मोठे डाग. असं वाचन कोणी केलंय का, हा तुमच्या प्रकरणातला कळीचा प्रश्न आहे. नुसतं 'छाती ठीक' म्हणणं म्हणजे वाचन नव्हे.

जुना_ओव्हरमन | १४ फेब्रुवारी

मी चौतीस वर्षं खाली काढली. मायनिंग सरदार (खालच्या टोळ्यांवरचा मुकादम) म्हणून सुरुवात, ओव्हरमन (त्याच्या वरचा पर्यवेक्षक) म्हणून शेवट. दुसऱ्या जिल्ह्यात, पण चित्र तेच. थोडं मोकळं लिहितो.

आम्हाला शिकवलं ते सगळं अपघाताबद्दल. काठीने छत ठोकून बघायचं, खणखणीत आवाज आला तर पक्कं, भद्द आला तर सब्बल घालून पाडून टाकायचं, मगच माणूस पुढे. ज्योतीच्या दिव्यावर निळी टोपी किती चढली त्यावरून गॅस ओळखायचा. मिथेन सव्वा टक्क्याला पोचला की माणसं बाहेर. तो पाच ते पंधरा टक्क्यांच्या मध्ये असला तर एक ठिणगी पुरते. जुन्या बंद कामांच्या जवळ जाताना आधी लांब भोक मारून पाणी आहे का बघायचं. हे का शिकवायचे तर चासनाला. २७ डिसेंबर १९७५, धनबादजवळ वरच्या जुन्या कामांतलं पाणी फुटलं आणि ३७५ माणसं गेली. आमच्या जवळचं सांगायचं तर छिंदवाड्यातली न्यूटन चिखली, १९५४, तिथेही पाणीच, ६३ गेले. प्रशिक्षणात ही नावं घेतली की वर्गात कोणी हलत नसे. १९८९ मध्ये राणीगंजच्या महाबीर खाणीत ६५ जणांना भोकातून कॅप्सूल सोडून एकेक करून वर काढलं, तेही अभिमानाने सांगायचे.

धुळीवर किती वेळ? एक तास. त्यातही कोळशाच्या धुळीचा स्फोट कसा होतो आणि तो रोखायला चुनखडीची भुकटी कशी मारायची हेच जास्त. म्हणजे धूळ पेटते म्हणून वाईट. छातीत जाते म्हणून वाईट, हे शेवटच्या पाच मिनिटांत.

आता कबुली. धूळ मोजायला पंप लावायचा दिवस आधी ठाऊक असायचा. त्या दिवशी फवारे जोरात, पाण्याची लाइन दुरुस्त, ड्रिलवर जुना जाणता माणूस. आकडा मर्यादेत यायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरडं. त्या कागदावर माझीही सही आहे. तेव्हाची मर्यादा घनमीटरला ३ मिलिग्रॅम, २०१७ च्या विनियमांत ती २ झाली. सिलिका पाच टक्क्यांच्या वर गेली की हिशेब बदलतो : दहाला टक्केवारीने भागायचं. वीस टक्के सिलिका असेल तर अर्धा मिलिग्रॅम. स्टोन ड्रिफ्टमध्ये कोरडं मारून अर्ध्या मिलिग्रॅममध्ये कसं राहणार, हे कुणी शाळकरी पोरगंही सांगेल.

मास्क मिळायचे. खाली दमट उष्मा, अर्ध्या तासात मास्क घामाने ओला, श्वास ओढता येईना, मग तो गळ्यात. मी कितीदा ओरडलो असेन 'मास्क लाव'. आज वाटतं, ओरडायचं होतं ते पाण्याच्या प्रेशरसाठी.

तपासणीचं : सकाळी साठ माणसं रांगेत. वजन, उंची, डोळे, रक्तदाब, छातीची फिल्म. संध्याकाळपर्यंत साठही फिट. एखादा 'अनफिट' निघाला तर त्याला भूमिगतातून वर हलकं काम द्यावं लागतं, भूमिगत भत्ता जातो, घरात रडारड, युनियनवाले दारात. त्यामुळे 'फिट' लिहिलेलं सगळ्यांनाच हवं असायचं, माणसालासुद्धा. तुमच्या बाबांनी कधी खोकला लपवला नाही असं मी म्हणणार नाही. त्यांना विचारून बघा.

खाणपोर | १४ फेब्रुवारी

काका, विचारलं. हसले, मग खोकले. म्हणाले, २००८ च्या तपासणीच्या आधी आठवडाभर हळद-दूध घेत होते, डॉक्टरसमोर खोकला येऊ नये म्हणून. तेव्हा माझं इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष होतं.

तुमसरवाली | १५ फेब्रुवारी

कोळशाचं नाही, मँगनीजचं सांगते. आमच्या भंडारा-नागपूर-बालाघाट पट्ट्यात मँगनीजच्या खाणी आहेत. मँगनीजची धूळ फुप्फुसापेक्षा मेंदूला जास्त लागते. चेहरा मुखवट्यासारखा होतो, बोलणं हळू, आणि चाल अशी की टाच टेकतच नाही. वैद्यकाच्या पुस्तकात तिला चक्क कोंबड्याची चाल म्हणतात. माझ्या आजीच्या शेजारी असे एक आजोबा होते, पोरं त्यांची नक्कल करायची. मीही केली आहे. ते ड्रिलवर होते हे मला नर्सिंग शिकताना आठवलं, तेव्हा ते जाऊन पंधरा वर्षं झाली होती. मँगनीजचा हा विकारही खाण कायद्याखाली कळवण्याच्या आजारांत येतो. कळवला कुणी असेल असं वाटत नाही.

ब्रिस्बेनकर | १५ फेब्रुवारी

मी क्वीन्सलँडमध्ये खाणीतल्या वायुवीजनाचं काम करतो, मूळ नागपूरचा. 'आपल्याकडे असंच चालणार' असा सूर लागण्याआधी इथलं सांगतो. इथे तीसेक वर्षं सगळे छातीठोकपणे म्हणायचे की कोळशाच्या धुळीचा आजार संपला. २०१५ मध्ये पहिला रुग्ण समोर आला, मग एकामागून एक. २०१६ ला जुन्या फिल्म पुन्हा वाचल्या तेव्हा लक्षात आलं, आजार कुठे गेलाच नव्हता. फिल्म नीट वाचल्या जात नव्हत्या आणि तपासणीचे कागद खात्यात नुसते साचत होते. मग काही काळ इथल्या खाण कामगारांचे एक्स-रे वाचायला अमेरिकेला पाठवायचे, कारण तिथे परीक्षा देऊन पात्र झालेले वाचक आहेत. श्रीमंत देश, कडक कायदा, बलवान युनियन, आणि तरी हे. आता इथे प्रत्येक फिल्म दोन जण स्वतंत्रपणे वाचतात. कोळशाच्या धुळीची मर्यादाही २०२० मध्ये घनमीटरला १.५ मिलिग्रॅमवर आणली.

खाणपोर, जुनी फिल्म मिळवा. अहवाल नव्हे, फिल्म.

डिचोलीकार | १६ फेब्रुवारी

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे खुल्या खाणी, लोहखनिज. २०१२ ला खाणी बंद होण्याआधी रस्त्यावरून दिवसभर ट्रकांची माळ, घरातल्या भांड्यांवर तांबडा थर. खाणीच्या कुंपणाच्या आत धूळ मोजायचा कायदा होता. कुंपणाबाहेर रस्त्याकडेला भाजी विकणाऱ्या बाईच्या छातीतली धूळ कोण मोजणार? अवांतर वाटल्यास सोडून द्या.

तिरकस | १६ फेब्रुवारी

मागच्या प्रतिसादाबद्दल थोडं मागे घेतो. पण एक विचारतो. आता खुल्या खाणींत वरची माती काढायचं काम बहुतेक ठेकेदाराकडे आहे. टिपरवरचा पोरगा दोन वर्षं इथे, दोन वर्षं तिकडे छत्तीसगडला. त्याची पाच वर्षांची तपासणी कोण करणार आणि वीस वर्षांनी दम लागला तर तो कुणाच्या दारात जाणार?

जुना_ओव्हरमन | १६ फेब्रुवारी

कायद्याने त्याचीही तपासणी व्हायलाच हवी, ठेकेदाराचा असला तरी. होते तेव्हा कागद ठेकेदाराच्या गाडीच्या डिकीत असतो. ठेका संपला की गाडी जाते.

कलमबहाद्दर | १८ फेब्रुवारी

कामगार कायद्याचं काम करते. खाणपोर, आज, २०२३ मध्ये, हातात काय आहे ते सांगते.

खाण कायदा १९५२, कलम २५. अधिसूचित (सरकारने यादीत जाहीर केलेला) आजार झाल्याचं कळल्यावर ते कळवणं खाण व्यवस्थापनावर बंधनकारक आहे, एवढं बहुतेकांना माहीत असतं. त्याच कलमात पुढे आहे की खाणीत काम करणाऱ्या किंवा पूर्वी केलेल्या माणसाला असा आजार असल्याची शंका आली, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरनेही मुख्य निरीक्षकांना लेखी कळवायचं आहे. 'पूर्वी केलेल्या' हे शब्द अधोरेखित करा. म्हणजे निवृत्त माणूस यात येतो आणि खासगी डॉक्टरही येतो. मुख्य निरीक्षक म्हणजे खाण सुरक्षा महासंचालनालय, मुख्यालय धनबाद, पश्चिम विभागाचं कार्यालय तुमच्या नागपुरातच. तुमच्या छातीच्या डॉक्टरांना हे कलम छापून नेऊन द्या. बऱ्याच डॉक्टरांना ते माहीत नसतं, रागावू नका.

नुकसानभरपाई १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याखाली. अनुसूची ३, भाग क मध्ये सिलिकोसिस, कोळसा आणि सिलिका मिळून होणारा अँथ्रॅकोसिलिकोसिस, आणि सिलिकोसिसमुळे बळावलेला टीबी, हे सगळं आहे. दाव्याला दोन वर्षांची मुदत असते, पण पुरेसं कारण दाखवलं तर उशीर माफ करण्याचा अधिकार आयुक्तांना आहे. चुकीच्या निदानाचे २०१६ आणि २०२० चे कागद हेच तुमचं कारण. फाडू नका, लॅमिनेटही करू नका.

खाण सरकारी कंपनीची असेल तर माहिती अधिकारात वडिलांच्याच सहीने अर्ज करा : सेवापत्रक, कुठल्या कामावर किती वर्षं, आणि प्रत्येक नियतकालिक तपासणीच्या 'फॉर्म ओ' या अहवालाची प्रत, फिल्मसह.

छातीचा_वैद्य | १८ फेब्रुवारी

लाजत कबूल करतो, कलम २५ मधलं डॉक्टरांबद्दलचं वाक्य मला ठाऊक नव्हतं. बावीस वर्षं याच पट्ट्यात प्रॅक्टिस करतोय. किती जणांना मी दम्याचा पंप देऊन घरी पाठवलं असेल याचा हिशेब आज रात्री डोक्यातून जाणार नाही.

वणीकर | १९ फेब्रुवारी

डॉक्टरसाहेब, माह्या बापाले पंप देणारे तुमी नोते, ते दुसरे होते. पण तुमी लिवलं हे बरं झालं.

खाणपोर | २५ जून २०२३

चार महिन्यांनी येतोय. बरेच व्यनि (खासगी निरोप) आले होते, सगळ्यांना उत्तर देता आलं नाही, माफ करा.

माहिती अधिकारात सहा तपासण्यांचे फॉर्म मिळाले : १९८८ ते २०१३. सहाही ठिकाणी 'फिट'. छातीच्या रकान्यात चार वेळा 'विशेष काही नाही', दोन वेळा नुसती रेघ. फिल्म एकही नाही, 'जतन कालावधी संपला' असं उत्तर आलं.

मग आईने ट्रंक उघडली. २००९ ला खोकला जात नव्हता म्हणून बाबांनी कोणाला न सांगता बाजारातल्या एका खासगी सेंटरमधून एक्स-रे काढला होता. निकाल कोणाला दाखवला नाही, कारण नोकरीची पाच वर्षं उरली होती. फिल्म साड्यांच्या खाली चौदा वर्षं सपाट पडून होती, एक सुरकुती नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी ती नमुन्यांशेजारी लावून वाचली : दोन्ही बाजूंना वर, क्यू ठिपके, दाटी १/२. म्हणजे २००८ च्या 'फिट' नंतर एका वर्षात.

डॉक्टरांनी कलम २५ खाली पत्र पाठवलं, त्याची पोच आली आहे. भरपाईचा अर्ज आयुक्तांकडे दाखल झाला, पहिली तारीख ऑगस्टमध्ये. थुंकीची चाचणी चांगली आली. घरी ऑक्सिजनचं मशीन आणलं. बाबांना त्याचा आवाज आवडत नाही, म्हणतात खाणीतल्या पंख्यासारखा आहे, झोप येत नाही.

एक झालं. अर्जाला टोळीतल्या साथीदारांचे जबाब लागतील म्हणून बाबांना नावं विचारली. 'सोड' म्हणणारा माणूस उठून बसला, वही मागितली. ड्रिलवरच्या अकरा जणांची नावं लिहिली, प्रत्येकापुढे तो कुठल्या गावचा आणि कुठल्या पाळीत. पाच नावांपुढे स्वतःच फुली मारली. सहाव्यापाशी बराच वेळ पेन धरून बसले, मग प्रश्नचिन्ह काढलं.

उरलेल्यांपैकी दोघांचे फोन लागले. दोघेही म्हणाले, दमा आहे. एक घुग्गुसला, एक वणीच्या पुढे शिरपूरकडे. पुढच्या रविवारी दोघांकडे जातोय. त्यांच्याकडे जुन्या फिल्म असतील तर बघायच्या आहेत. तिकडचं कोणी सोबत येईल का? रस्ता मला नीट माहीत नाही.

वणीकर | २५ जून, रात्री

मी येतो. वणी स्टँडवर उतरून फोन करा, माह्याकडं गाडी हाय. त्या प्रश्नचिन्हवाल्याचं नाव व्यनि करा, आमच्या वस्तीतला असन त मले ठाऊक असन.

जुना_ओव्हरमन | २६ जून

घुग्गुसला मी येतो. जबाबात धुळीच्या मोजणीबद्दल कोणी लिहून द्यायला हवं असेल तर माझी सही घ्या.